धुऱ्यावर ठेवलेले शब्द

आमच्या घरात लॅपटॉप एक आणि मालक दोन. एक मी, दुसरे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी तहसील कचेरीतून बाबू म्हणून रिटायर झालेले, मी मोहाडीच्या शाळेत गणित शिकवते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. नवरा नोकरीनं नागपूरला, शनिवारी येतो, सोमवारी सकाळी जातो. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस गावातल्या या घरात आम्ही दोघंच, आणि तो लॅपटॉप.

लॅपटॉप इतका म्हातारा झालेला की चालू करून मी कुकर लावायचे, तीन शिट्ट्या व्हायच्या, तेव्हा कुठं पडद्यावर काही उमटायचं. शाळेचं सगळं आता ऑनलाईन भरावं लागतं. ती पानं त्याच्यावर उघडायचीच नाहीत. 'आपला ब्राउझर जुना आहे' असं तो मला रोज सांगायचा. अरे बाप्पा, जुना आहे तर मी काय करू? मी त्याच्यावर ओरडायचे. मामाजी बाहेरच्या छपरीतून म्हणायचे, "बाई, मशीनवर कायले चिडून राहिली? थे का आयकते?"

माझ्या नाकावर राग आहे, हे इथंच सांगून टाकते. पुढं कामाला येईल.

नवा लॅपटॉप घेऊ, असं नवरा दर दिवाळीला म्हणायचा आणि दर दिवाळीनंतर नात्यात कुणाचं तरी लग्न निघायचं. जुना मोडीत काढायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यात मामाजींचे शब्द होते. हे शब्द म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

मी वर्धेकडची, कापसाच्या मुलखातली. लग्न होऊन आले तेव्हा धानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात हौसेनं शेतावर गेले. बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, एका कोपऱ्यात हिरवंगार, दाट, कोवळं गवत दिसलं. गाईला होईल म्हणून मी चांगलं दोन मुठी उपटून घेतलं. शेजारच्या बांधीत रोवणीला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "माय वं, मास्तरीणबाईनं पऱ्हेच उपटले!" ती धानाची रोपं होती, आठवड्यानं रोवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून त्या दोन मुठी घेतल्या, चिखलात परत खोचल्या आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना एका पाठकोऱ्या कागदावर टाईप करून आणलं: 'पऱ्हे: धानाची रोपे. गाईस घालू नयेत.'

तो पहिला शब्द. मग रोज एक यायला लागला. धुरा: दोन बांध्यांमधला बांध. कडपा: कापून बांधीतच वाळत पसरलेला धान. पुंजणे: भाऱ्यांची गंजी. तणस: धानाचा पेंढा. आवत्या: न रोवता पेरलेला धान. बोडी: लहान तळे. मी आधी चिडायचे, "मामाजी, मी काय पहिलीत आहे का?" आणि एखाद्या दिवशी कागद आला नाही की मीच विचारायचे, "आज काहून नाही?"

रिटायर झाल्यावर त्यांनी ते सगळे कागद लॅपटॉपात टाईप करायला घेतले, एकेक टाईप झाला की तो कागद चुलीत जायचा. जुन्या टाईपरायटरसारखा कीबोर्ड चालणारा एक प्रोग्राम होता, तो फक्त त्या जुन्या विंडोजवरच चालायचा. त्यात लिहिलेली फाईल दुसरीकडं उघडली की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. पण मामाजींचा हात त्यावर बसलेला. दहाही बोटांनी, मान वर ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत टाईप करायचे.

आणि माझ्यापुरतं सुरू झालेलं ते काम वाढत गेलं. मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी ते पिशवी घेऊन जायचे आणि भाजीऐवजी शब्द घेऊन यायचे. आंबागडकडून एक म्हातारी रानभाज्या घेऊन यायची. तिच्यापाशी बसून हे पानाला काय म्हणतात, देठाला काय म्हणतात, चिखलात उगवली तर काय आणि झाडीत उगवली तर काय, असं विचारत राहायचे. ती म्हणायची, "बाबू, घेशीन तं घे, नाहीतं गिऱ्हाईक अडवू नको." ती आता नाही. तिचे शब्द मात्र लॅपटॉपात होते. एकूण अठराशेच्या वर गेले होते. रोज संध्याकाळी दिवा लागला की मामाजी नवीन लिहिलेलं मला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून ऐकायचे. मी भाजी निवडत वाचायचे, मध्येच अडायचे, ते डोळे न उघडता दुरुस्त करायचे. मी हे कधी त्यांना सांगितलं नाही, पण दिवसातला तो अर्धा तास मला फार आवडायचा.

तर असा तो लॅपटॉप. मोबाईलवर मी एक व्हिडिओ बघितला. म्हणे, जुन्या मशीनवर लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाका, पळायला लागेल. आणि जुनी काढायची गरज नाही. हार्ड डिस्कचे हिस्से करायचे, एकात जुनी, एकात नवी. चालू केलं की ते विचारतं, कोणाकडं जायचं. मला तर हर्षच झाला.

मामाजींना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "घरात माणसं दोन, अन् त्यातबी हिस्से?"

"अहो हिस्से म्हणजे भांडून नाही. सोय म्हणून. एक सिस्टीम तुमची, एक माझी. तुमचं टाईपिंग तुमच्याकडं जसंच्या तसं."

त्यांनी अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "कराचीच असन तं नीट करू. म्या कचेरीत जिंदगीभर धुऱ्याची भांडणं पाह्यली. दरवर्षी बोटभर कोरते, अन् मंग कोर्टात जाते. आपल्या घरी तसं झालं नाही."

पुढचं मला पाठ होतं. त्यांची आणि त्यांच्या मोठ्या भावाची वाटणी झाली, तेव्हा दोघांत कसलंसं बिनसलं आणि बारा वर्षं बोलणं नव्हतं. पण दोघांच्या बांध्यांमधला धुरा कुणी कोरला नाही. आमच्याकडे धुऱ्यावर तूर लावतात. बांधीत पाणी साचतं, धुरा उंच आणि कोरडा, तो रिकामा कशाला ठेवायचा? तर त्या धुऱ्यावरची तूर दोघं भाऊ अबोल्यातही निम्मी निम्मी करायचे. एक जण झोडपून अर्धी दुसऱ्याच्या दारात ठेवून यायचा, कडी न वाजवता. या गोष्टीचा शेवट मामाजी नेहमी एकाच वाक्यानं करायचे, "आपल्या घरचा नांगर धुऱ्यावर चढत नाही." मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकूच येईनासं झालं होतं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून झालेला, उशिरा येणारा भारी अजून उभा. नवरा यायला दोन दिवस होते. एका दुपारी मी म्हटलं, आज हिस्से पाडून टाकते. व्हिडिओवाल्यानं बजावलं होतं, मध्येच वीज जाता कामा नये. आमच्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावाला. तर मामाजींनी लाईनमनला फोन लावला, "भाऊ, आज लाईन तं जाणार नाही ना? घरी ऑपरेशन हाय." तो बिचारा घाबरला. "कोनाचं?" म्हणाला.

मी बसले, मामाजी शेजारी खुर्ची घेऊन बसले, मांडीवर वही. मी काय दाबते ते सगळं लिहून घेत होते, कचेरीची सवय. डिस्कच्या चित्रात एक लांब पट्टी दिसत होती, तिचे दोन निळे तुकडे, सी आणि डी. मी सीवर राईट क्लिक केलं, त्यातून जागा कमी करायला सांगितली. पंधरा-वीस मिनिटं ते घोळत राहिलं. आणि मग सीचा तुकडा आखडला. आता पट्टीत डावीकडं सी, उजवीकडं डी आणि त्या दोघांच्या मधात एक काळा पट्टा.

"हे मधात काळं काय हाय?" मामाजींनी विचारलं.

मी गॅसवर तेल ठेवून आले होते, शंकरपाळे तळायचे होते. उठता उठता म्हणाले, "काही नाही मामाजी, रिकामी जागा आहे."

"कोणाची?"

"अजून कोणाचीच नाही."

आणि मी स्वयंपाकघरात गेले. माझं मेलीचं तेल जळत होतं ना! त्याच वेळी मी दोन वाक्यं जास्त बोलले असते, की उद्या माझी सिस्टीम इथंच बसवणार आहे, तर ही गोष्टच घडली नसती. शाळेत मी तासभर बडबडते. घरी मात्र दोन वाक्यं जड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, देवाला हात जोडून मी बसले. बॅकअप घ्यायचा होता. शाळेचे कागद घेतले, फोटो घेतले. मग विचारलं, "मामाजी, तुमचे शब्द पेनड्राईव्हमध्ये घेऊन ठेवते."

"घे ना. मी तं ठेवलो सुरक्षित," ते घरामागच्या सांदवाडीतून म्हणाले. पोपटीच्या शेंगा तोडत होते.

डेस्कटॉपवर 'शब्द' नावाचं त्यांचं फोल्डर होतं. मी ते उचललं आणि पेनड्राईव्हवर टाकलं. चुटकीसरशी झालं. अठराशे शब्द चुटकीत कसे गेले, हा प्रश्न मला पडला नाही. एवढी वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडते, ताळा करून बघा, ताळा करून बघा. मी ते फोल्डर उघडूनसुद्धा बघितलं नाही.

मग नवी सिस्टीम चढवायला घेतली. कुठं बसवू, असं तिनं विचारलं आणि हिश्शांची यादी दाखवली. कालची जागा 'रिकामी' म्हणून दिसायला हवी होती. ती तशी दिसेना. तेवढीच जागा, त्याच क्रमाला, पण तिच्यावर विंडोजचा शिक्का आणि समोर 'वापरलेली जागा' म्हणून काहीतरी किरकोळ आकडा. मी क्षणभर थांबले. मग वाटलं, कालच्या घाईत माझ्याकडूनच काही दाबलं गेलं असेल. माप तर बरोबर आहे. तिनं शेवटचं विचारलं, हे बदल मागे घेता येणार नाहीत, पुढं जाऊ? मी मनात म्हटलं, जा ना बाई, किती विचारतेस! आणि दाबलं.

तासाभरात सगळं झालं. लॅपटॉप चालू केला तर काळ्या पडद्यावर दोन ओळी, एक माझी, एक मामाजींची. मी जवळजवळ नाचलेच. "मामाजी, या! सांगा, कोणाकडं जायचं?"

त्यांनी हात पुसत येऊन आपली ओळ निवडली. त्यांची विंडोज उघडली, नेहमीसारखीच रमतगमत. मी चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा ते पडद्यासमोर बसले होते. सी आणि डी उघडून बसले होते, दोनच चित्रं.

"आहे ना सगळं बरोबर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय आनंद होता, ते मला आज कळतं. ते म्हणाले, "छान झालं बाई. मोठं काम केलं तू." चहा घेतला, आणि लॅपटॉप स्वतःच्या हातानं हळूच मिटून ठेवला. मी तिकडं नवऱ्याला फोनवर सांगत होते, "मी एकटीनं केलं, एकटीनं! आणि मामाजींचं एक अक्षर हललं नाही."

त्या दिवसापासून मामाजींनी टाईप करणं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, डोळे चुरचुरतात. मी म्हटलं, "दिवसभर उन्हात हिंडाल तर चुरचुरतीलच." मोहाडीहून ड्रॉप आणले आणि रोज दोन वेळा त्यांच्या डोळ्यांत घालायला लागले. ते गुपचूप मान मागं करायचे. दिवा लागल्यावरचं आमचं वाचनही बंद पडलं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, खरं सांगते. माझी नवी सिस्टीम वाऱ्यासारखी पळत होती. मी शाळेचं साचलेलं काम उपसत होते, व्हिडिओ उतरवून घेत होते, हे टाक, ते टाक. पंधरा दिवस मी माझ्याच नादात होते.

मग भारी धानाची कापणी निघाली. रविवार होता, नवरा आदल्या दिवशी येऊन मळणीयंत्राच्या मागं तुमसरला गेलेला. मी डबा घेऊन शेतावर गेले. बाया बांधीत वाकलेल्या, कडपा पडत चाललेल्या. मामाजी त्याच जुन्या धुऱ्यावर, भावाच्या आणि त्यांच्या मधल्या, तुरीच्या सावलीत बसले होते. तूर पिवळी फुलली होती. मला बघून ते हात धुवायला पाटाकडं गेले. जागेवर एक शाळकरी वही राहिली. मी सहज उचलली. मास्तरणीचा हात, वही दिसली की उघडणारच.

पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: '१. पऱ्हे: धानाची रोपे. गाईस घालू नयेत.'

खाली २, ३, ४. पान उलटलं. सत्तर, ऐंशी, दोनशे. मध्येमध्ये नुसता आकडा आणि पुढं रेघ. एका पानावर वर लिहिलं होतं, 'आंबागडची बाई', आणि खाली: 'पान —', 'देठ —', 'चिखलातली —'. पुढं काहीच नाही.

मामाजी हात झटकत परत येत होते.

"मामाजी, हे पहिल्यापासून काहून लिहून राहिले? फाईल कुठं आहे?"

ते धुऱ्यावर बसले आणि डब्याकडं बघत म्हणाले, "चूक माही हाय. मी तुले विचारलो नाही."

"फाईल कुठं आहे मामाजी?"

"तू म्हणली ना, एक सिस्टीम तुमची, एक माझी. तं मले दोन निळ्या बांध्या दिसल्या. म्हटलं, उद्या बाई दोन्ही बांध्यात काम करन. मधातला धुरा तं कोणाचाच नाही म्हणली तू. मंग मी तू दाखवलं तसं राईट क्लिक केलो, अन् फोल्डरातले शब्द उचलून धुऱ्यावर ठेवलो. म्हटलं, धुऱ्यावर नांगर येत नाही."

तो विंडोजचा शिक्का. ती किरकोळ वापरलेली जागा. जा ना बाई, किती विचारतेस.

आणि मग मी ओरडले. रडायच्या आधी मला रागच येतो, काय करू! भर शेतात, बाया विळे थांबवून बघायला लागल्या इतक्या जोरात ओरडले. "पंधरा दिवस! पंधरा दिवस मले सांगितलं नाही तुम्ही? अन् ड्रॉप घालून घेत होते? बरे डोळे असून ड्रॉप घालून घेत होते?"

"तू किती खुश होती बाई," ते म्हणाले. "फोनवर सांगून राहिली होती, मामाजीचं एक अक्षर हललं नाही म्हणून. मी कसा सांगू?"

मी तिथंच धुऱ्यावर बसून हमसून हमसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पाटाच्या पाण्यानं गार झालेला. बायांपैकी एकीनं लांबून विचारलं, "काय झालं वं?" मामाजी म्हणाले, "काही नाही, डोळ्यात कचरा गेला तिच्या."

घरी आल्याबरोबर मी लॅपटॉप घेऊन बसले. खूप वाचलं. तेव्हा कळलं, की हिस्सा नव्यानं घडवला तरी आतलं लगेच पुसलं जात नाही. नुसती पाटी काढली जाते, माल तिथंच पडून असतो. त्यावर नवीन काही पडत नाही तोवर तो शोधून काढता येतो. ताबडतोब मशीन बंद करा, असं सगळीकडं ठळक लिहिलेलं. आणि मी त्या जागेवर पंधरा दिवस व्हिडिओ उतरवत होते.

शोधणारा प्रोग्राम लावला. तो पूर्ण दिवस चालला. शेकडो तुकडे निघाले: माझ्याच व्हिडिओंचे, शाळेच्या परिपत्रकांचे, कुठल्या कुठल्या चित्रांचे. एकेक तुकडा मामाजींच्या बाजूला नेऊन, त्यांच्या प्रोग्रामात उघडून बघितला. त्यांचा एक शब्द निघाला नाही.

पुन्हा पुन्हा मी तेच वाचत होते. पहिल्याच दिवशी मी थांबले असते, तर शब्द बहुतेक निघाले असते. त्या दिवशी, चहा घेताना, ते एवढंच म्हणाले असते, बाई, माझे शब्द दिसत नाहीत. मी चिडले असते, तोंड सोडलं असतं, पण मशीन बंद केलं असतं. त्यांनी माझं मन जपलं आणि शब्द गेले.

मी बसले होते तिथं मामाजी आले. खुर्ची ओढून शेजारी बसले, त्या दिवशी बसले होते तसेच. वही नव्हती.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"मी थ्याच दिवशी तुले सांगतलं असतं, तं फाईल निघाली असती का?"

मी तोंडाची फटकळ आहे. या घरात आल्यापासून मी त्यांना लागेल असं बरंच काही बोलले असेन, पण खोटं कधी बोलले नव्हते. पडद्यावर ते ठळक अक्षरातलं पान उघडंच होतं, इंग्रजीतलं. मी ते मिटलं.

"नाही मामाजी," मी म्हणाले. "एकदा फॉर्मॅट झालं की संपलं. त्याच दिवशी काय, त्याच मिनिटाला सांगितलं असतं तरी काही उपयोग नव्हता."

"खरं?"

"गणिताची मास्तरीण आहे मी. तुमच्याशी खोटं बोलेन का?"

त्यांचे खांदे सैल झाले. मला वाटतं, पंधरा दिवस ते याच प्रश्नापाशी अडून बसले होते. म्हणाले, "मंग बरं झालं. उगाच दिवाळीत तुह्या जिवाले घोर लागला असता." आणि उठून शेंगा सोलायला गेले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मामाजी पुन्हा टाईप करतात, दहाही बोटांनी, भिंतीकडं बघत. मी दुधानं तोंड पोळलेली, त्यांच्या फाईलच्या तीन ठिकाणी प्रती ठेवते आणि दर रविवारी उघडून बघते. दिवा लागला की वाचन होतं. मागं एकदा ते एका शब्दापाशी अडले, डोळे मिटून म्हणाले, "भाऱ्यांची गंजी... काय बाप्पा, तोंडावर हाय." मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "पुंजणे." ते हसले. असे पुष्कळ शब्द माझ्या डोक्यात निघाले, मला ठाऊकही नव्हतं एवढे. सहाशेच्या पुढं गेलो आहोत. आंबागडच्या बाईचं पान मात्र तसंच आहे, आकडे आणि रेघा. ते भरायला आता कुणी नाही. मामाजी ते पान खोडू देत नाहीत.

कधी कधी ते म्हणतात, "नाहीतं काय, थ्या दिवशी सांगूनबी फायदा नव्हता." मी म्हणते, "अजिबात नव्हता." एवढ्यानंच त्यांचं बरं होतं.

हे सगळं मी माझ्या हिश्शात लिहून ठेवलं आहे. मामाजींच्या बाजूनं माझा हिस्सा दिसतच नाही, आणि चालू करताना ते माझ्या ओळीवर कधी जात नाहीत. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधीत पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. काल म्हणत होते, "काय लिहून राहिली रोज रोज?" मी म्हटलं, "शाळेचं काम आहे." ते बरं म्हणाले आणि आपली ओळ निवडून बसले.